सायपत्र

कोंडसखल गावात आता कुणी कुणाचं तोंड बघून ओळख धरत नसे. चेहरे बदलून मिळत होते, आवाज उसने घेता येत होते. राहिलं होतं ते फक्त बोट. रेशनचं दुकान, बस, दवाखाना, सगळीकडे काचेवर बोट टेकायचं आणि काचेने नाव सांगायचं.

रेश्मा घाडीची बोटं मात्र काचेला वाचता येत नव्हती. पंचवीस वर्षं तिने कारखान्यात काजू फोडले होते. टरफलातल्या तेलाने बोटांच्या रेषा खाऊन टाकल्या होत्या. टोकं गुळगुळीत, गोटीसारखी. इतकी वर्षं काम केलेल्यांना आयुष्यभर मोफत उपचारांचा हक्क होता, पण तो मागायला बोटच हवं होतं.

म्हणून डॉ. जुईली पाध्ये गावात आल्या. त्यांनी साठ बायकांच्या घरी प्रिंटर बसवले. साधेच, घरगुती, शाईचे बारीक थेंब उडवणारे. वेगळी होती ती शाई आणि वेगळा होता कागद.

"ही जीवशाई," डॉक्टर म्हणाल्या. "गालाच्या आतून काडी फिरवायची, कुपीत बुडवून नऊ दिवस ठेवायची. तुमच्याच पेशी त्यात वाढतात. आणि हे सायपत्र."

दुधावरच्या सायीएवढा तो पातळ पापुद्रा एका जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला होता. चकचकीत बाजूला हात लावायचा नाही, मागच्या खाचेतून एका वेळी एकच पान घालायचं, दोन घालाल तर रुळावर फाटेल. तरुणपणीचे ठसे सरकारी नोंदीतून प्रिंटरमध्ये भरलेले होते. त्या रेषांवर पेशींचे थेंब पडत. मग तो पापुद्रा बोटावर गुंडाळायचा. तीन आठवड्यांत तो कातडीत मुरून जाई.

"पेशी माझ्या असल्या म्हणजे झालं?" रेश्माने विचारलं.

"हो. शरीर स्वतःच्या पेशी नाकारत नाही. रेषा छापाल त्या येतात."

"दुसऱ्याच्या रेषा छापल्या तर?"

डॉक्टर कुप्या मांडता मांडता थांबल्या. "त्याही येतील. म्हणून तर प्रिंटर कुणाला देऊ नका. काच दर खेपेला ताज्या ठशाप्रमाणे आपली नोंद सुधारते, कारण कातडी वयाबरोबर बदलते. एकदा दुसऱ्याचं बोट तुमच्या नावावर रुळलं, की काच तेच खरं मानते."

रेश्माने मान हलवली. पुढच्या वर्षी तिच्या मुलीची, उर्वीची, दोन्ही मूत्रपिंडं बंद पडली.

उर्वी चौतीस वर्षांची. तिला उपचारांचा हक्क नव्हता. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घेतलं नाही तर ती दिवाळी बघणार नव्हती, असं शुद्धिकेंद्रातल्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

रेश्माने फार विचार केला नाही. उर्वीच्या गालातून काडी फिरवली. नऊ दिवसांनी तिने वाडग्यात काजूच्या टरफलाचं तेल काढलं आणि मुलीची बोटं त्यात धरली.

"आई, सोड."

"जरा कळ काढ, बाय. तुझ्या रेषा जायला हव्यात."

उर्वी ओरडत होती, आणि रेश्मा तिची मनगटं गुडघ्यांखाली दाबून बसली होती. मग तिने सायपत्र घातलं. प्रिंटर किरकिरला आणि आईच्या रेषा मुलीच्या पेशींत उतरल्या.

दोन वर्षं सुरळीत गेली. उर्वीच्या गालांवर रंग आला. रेश्मा पुन्हा काजू फोडायला लागली होती. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. तिची छापलेली बोटं पुन्हा गुळगुळीत झाली. तिला त्याचं काही वाटलं नाही.

एका बुधवारी ती शेजारच्या गावच्या मासळीबाजारात कोसळली. आठवडाभर अंगावर काढलेला ताप छातीत उतरला होता. अनोळखी लोकांनी तिला गाडीत घालून शुद्धिकेंद्र होतं त्याच इमारतीतल्या दवाखान्यात आणलं. परिचारिकेने तिचं बोट काचेवर टेकवलं. काच गप्प राहिली.

"नाव?"

"रेश्मा घाडी."

परिचारिकेने पडद्यावर पाहिलं. "रेश्मा घाडी आत आहे. चार नंबरच्या खुर्चीवर."

"तिला विचारा," रेश्मा धापा टाकत म्हणाली. ठरवलेलं होतं की कधीही तोंड उघडायचं नाही. पण श्वास मिळेनासा झाला आणि ठरवलेलं सगळं गळून पडलं. "ती माझी मुलगी. ठसे माझे आहेत."

तिची चाकांची खाट चार नंबरपाशी ढकलत नेली. उर्वीच्या दंडात दोन नळ्या होत्या. आईला बघून तिने अंगावरची चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"ही तुमच्या ओळखीची आहे?" परिचारिकेने विचारलं.

उर्वीने नळीतून फिरणाऱ्या रक्ताकडे पाहिलं. हो म्हटलं की नळी निघणार होती.

"नाही," ती म्हणाली.

"बाय," रेश्मा म्हणाली.

"तापात बडबडतेय. कुणाची तरी आई असेल बिचारी." उर्वीने कुणी न सांगताच उजव्या हाताचं बोट खुर्चीजवळच्या काचेवर टेकवलं. काचेने लगेच नाव उमटवलं, खाली हिरवी रेघ. "बघा. रेश्मा घाडी मीच."

ज्याची ओळख लागत नाही त्याला औषध द्यायचं नाही, असा नियम होता. नोंदीवाचून औषध कपाटातून बाहेरच येत नसे. रेश्माला मागच्या, ओळख न लागलेल्यांच्या कक्षात ठेवलं. तिथे खाट होती, पाणी होतं. दिवसातून दोनदा एक बाई ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसून जाई.

शुक्रवारी सकाळी पातळ भिंतीपलीकडे यंत्राने पुकारलं, "रेश्मा घाडी, खुर्ची चार."

खाटेवरच्या बाईने डोळे उघडले. "हो," ती म्हणाली. आवाज भिंतीपर्यंतही गेला नाही.

"हो, आले," पलीकडून उर्वी म्हणाली.