अंधारात पुढे आलेले हात

खोटं वाटलं तर वाटू दे. पटवत बसायला मला वेळ नाही, लेक झोपलीये तेवढ्यात लिहून काढायचंय. पण हे घडलंय. भर दुपारी, माणसांनी भरलेल्या जागेत, माझ्यासमोर.

लेक तेव्हा पाच महिन्यांची. आम्ही तिला चिमणी म्हणतो.

परदेशातली ग्रुप टूर नवऱ्याने परस्पर ठरवून टाकली होती.

"एवढंसं बाळ घेऊन लेणी बघायची?" मी म्हटलं.

"अगं, मी आहे ना. मी घेईन तिला."

हे 'मी आहे ना' आठवलं की अजून तिडीक जाते डोक्यात.

डोंगर पोखरून केलेली ती देवळं. बाहेर रणरणतं ऊन, आत मात्र हाडात शिरणारा गारवा. शेवटचं दालन सगळ्यात मोठं. जाड खांबांच्या रांगा आणि भिंतींत कोरलेल्या अंधाऱ्या खोल्या. एकेका माणसापुरत्या.

सासूबाईंचे गुडघे कुरकुरत होते, म्हणून त्यांना धरून मी दाराशीच थांबले. आत जायला-यायला तेवढं एकच दार. चिमणी नवऱ्याकडे, पार पुढे. तिची दुधाची वेळ झाली होती. आधी किरकिर, मग भोकाड.

मी निघाले, तर टूर मॅनेजर आडवा आला. "ताई, पाचच मिनिटं थांबा. आता गाइड सगळे दिवे बंद करणार. इथला अंधार अनुभवायचा असतो. मग गातो तो."

"माझी मुलगी रडतेय."

"बाबा आहेत ना तिचे."

दिवे गेले.

डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेही कळेना.

गाइडने लांब सूर लावला. तो भिंतीभिंतींवरून फिरत राहिला... आणि त्याच्याखाली माझ्या लेकीचं रडणं.

मग नवऱ्याचा आवाज. हळू, वैतागलेला, पण भिंतींवरून घुमत माझ्यापर्यंत आलेला.

"घे बाई हिला. किती गार पडलेत हात तुझे..."

मला वाटलं, त्याच्या आईशी बोलतोय.

पण सासूबाई तर माझा दंड धरून उभ्या होत्या...

आणि रडणं थांबलं.

हळूहळू नाही. छातीशी घेतल्यावर थांबतं ना, तसं एकदम.

दिवे लागले. नवरा दोन्ही हातांनी मोबाइल उंच धरून उभा. त्याला तो सूर रेकॉर्ड करायचा होता.

"चिमणी कुठे?" मी दारातून ओरडले.

"म्हणजे काय? तुझ्याकडे दिली ना आत्ता. रडतेय म्हणून तू आलीस ना पुढे?"

"मी इथे आहे."

"चेष्टा पुरे हं."

तो हसत होता. मी धावत गेले, मोबाइल हिसकावला आणि खांबावर आपटला. मग त्याचं हसू गेलं.

"कोणीतरी बाहेर नेलं असेल," मॅनेजर म्हणाला.

"दारात मी होते. माझ्या अंगावरून कोण गेलं असेल?"

आम्ही एकेक खोली बघत सुटलो.

अगदी कोपऱ्यातल्या खोलीत सापडली. आत दगडी ओटा होता, त्यावर. दुपटं मी गुंडाळते त्याहून नीट गुंडाळलेलं. गाढ झोप, चेहरा तृप्त.

मी तिला उचललं. खालच्या दगडाला हात लागला...

दगड कोमट होता. आत्ताच कोणीतरी उठून गेल्यासारखा.

सासूबाई वाकल्या. तिच्या ओठांच्या कडेला बोट लावलं. पिवळसर, दाट. बाळंतिणीच्या पहिल्या दुधासारखं.

"अगं... ही प्यायलीये."

नवरा म्हणाला, "मिळाली ना? मग झालं तर."

मिळाली ना. विसरलेली छत्री मिळावी तसं.

त्या संध्याकाळी हॉटेलवर मी तिला पाजायला घेतलं. तिने तोंड फिरवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा फिरवलं. छाती दगडासारखी झाली. शेवटी बाथरूममध्ये बेसिनवर वाकून मी दूध पिळून टाकलं. रडत. आणि दाराबाहेरून हा, "आवर की, सगळे जेवायला थांबलेत."

त्यानंतर तिने माझं दूध कधीच घेतलं नाही.

बाटलीही नाही. नावाला दोन घोट.

डॉक्टरीणबाई वजनाचा काटा बघून म्हणतात, "छान बाळसं धरलंय. उगाच कशाला काळजी करता?" नवरा तर चारचौघांत रंगवून सांगतो, "आमच्या चिमणीला परदेशात दाई मिळाली." सगळे हसतात. सासूबाई तेवढ्या उठून आत जातात.

अंधारात हात पुढे करणाऱ्या त्या बाईचं काय दुःख असेल ते असो. मला तिची कीव करायची नाही. माझं मूल होतं ते. आणि ज्याने कोण आहे हेही न विचारता ते देऊन टाकलं, त्याला आजतागायत एकदाही 'चुकलं' म्हणावंसं वाटलेलं नाही.

आत्ता ती माझ्या शेजारी झोपलीये. दुपार आहे. पडदे उघडे आहेत, खोलीत लख्ख उजेड.

जावळ कपाळाला चिकटलंय. किती गोड दिसतेय माझी बाय.

तिची जिवणी हलतेय.

आणि गिळल्याचा आवाज येतोय...

"पुरे झालं," मी मोठ्याने म्हटलं. "माझी आहे ती."

आवाज थांबला.



चिमणीने झोपेतच हात वर केला. रिकाम्या हवेत. आणि पिताना माझा पदर धरायची तशी मूठ घट्ट मिटली.

मग पुन्हा... एक घोट.