चपला बाहेर काढा

काल पुंजाजीच्या पुण्यानुमोदनाला मी बोललो. शेलूबाजारच्या विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. प्लॉटचा दलाल मेला आणि गाव रडलं, असं कधी ऐकलंय? पण हा गडीच तसा होता. मी त्याचे किस्से सांगितले, लोक डोळे पुसत हसले. चौदा नंबरच्या प्लॉटचं मात्र सांगितलं नाही. ते इथं सांगतो.

मी माणिकराव, मोजणी खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. टेप सांगेल ते खरं, बाकी बाजारगप्पा. अर्ध्या जिल्ह्याच्या जमिनी मोजल्या आणि स्वतःच्या नावावर वीतभर नाही. घर पाहावं बांधून म्हणतात. आम्ही नुसतं पाहतच राहिलो. भाड्याच्या खोल्या बदलता बदलता माझ्या बायकोचे, वच्छलाचे, केस पांढरे झाले. ती कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुंजाजीची विकायची तऱ्हाच न्यारी. हायवेलगतच्या लेआउटात गिऱ्हाईक आलं की हा काठीनं मातीत घर आखायचा. "हा दरवाजा. चपला बाहेर काढा, भाऊ. वयनी, डोकं सांभाळा, चौकट बुटकी हाय!" आणि स्वतः वाकून आत शिरायचा. रिकाम्या वावरात, बाप्पा! बाया आधी हसायच्या, मग चूल कुठं, माठ कुठं ते दाखवू लागायच्या. तिथंच सौदा पक्का. बाहेर त्याची चप्पल पडलेली असायची, डाव्या अंगठ्याला तांब्याची तार गुंडाळलेली. नवी घे म्हटलं तर म्हणायचा, "लोकायले घर देतो, मले तार पुरते."

चौदा नंबरवर मात्र त्यानं चप्पल कधी काढली नाही. कडेकडेनं जायचा.

"काहून रे?" मी एकदा विचारलं.

"घरचे बसले हायेत ना आत." तो खो खो हसला. मीही हसलो. पण हसताना त्यानं तिकडं पाहिलं नाही, हे लक्षात राहिलं.

एप्रिलात त्याचं हृदय थांबलं. लेआउटात चौदा नंबरचा तेवढा एकच प्लॉट शिल्लक होता. लाज वाटते सांगायला, पण मी पुण्यानुमोदनाचीही वाट पाहिली नाही. पाचव्या दिवशी कारंज्याला जाऊन लेआउटच्या मालकाला, नेमीचंदशेठला गाठलं. "पुंजाजी तो कुणाला देऊच देत नव्हता," शेठ म्हणाले. "आता तुम्हीच घ्या."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वच्छलाला गाडीवर बसवून नेलं. टेप धरला. तीस बाय पन्नास, बरोब्बर. पुन्हा मोजलं, बरोब्बर. छाती भरून आली. मग मलाही लहर आली आणि मी काठीनं दरवाजा ओढला.

"चला मालकीणबाई, घर पाह्यून घ्या."

तिनं चप्पल काढली.

"अवं, पाय पोळतीन!"

"नाई. थंड हाय."

मी वाकून हात लावला. रेघेबाहेरची माती तव्यासारखी तापली होती. आतली गार होती, नुकत्या सारवलेल्या जमिनीसारखी. मला बूट काढवेना, आत पाऊल टाकवेना.

वच्छला वाकली. चौकटीखालून जावं तशी वाकून आत गेली. पुंजाजीची ती नक्कल तिनं कधी पाहिली नव्हती.

कांदा परतल्याचा वास आला. जवळ घर नाही, ढाबा नाही. वाराही नव्हता.

"नाई, आता बसत नाई," ती डावीकडे बघून म्हणाली. "मंग येईन ना. सामान घेऊन येईन."

"कोनासंग बोलून राह्यली वं?"

तिनं ऐकलं नाही. मी ओरडलो. भ्यालो म्हणून ओरडलो, खोटं कशाला बोलू?

ती बाहेर आली. तळव्यांना मातीचा कण नव्हता. तिला गाडीवर बसवलं आणि सरळ घरी आणलं. चप्पल तिथंच राहिली.

त्याच संध्याकाळी शेठला फोन केला, प्लॉट नको म्हणून. वच्छला रागावली नाही. स्टीलचे डबे एकेक करून पोत्यात भरू लागली.

सकाळी चप्पल आणायला एकटाच गेलो. रेघेबाहेर तिची चप्पल होती.

शेजारी आणखी एक जोड होता. डाव्या अंगठ्याला तांब्याची तार.

तो जोड पुंजाजीसोबत जळताना मी पाहिला होता.

कशालाही हात न लावता परत आलो.

काल विहारात माझं बोलणं संपलं. लोक बाहेर येऊन आपापल्या चपला घालून गेले. शेवटी पायरीजवळ काहीच उरलं नाही. माझे बूट नव्हते.

"कोनी नेले वाटते," मी म्हणालो.

वच्छला हसली. कित्येक वर्षांत ती अशी हसली नव्हती.

"कोन नेते? घरी असतीन. चला."

ती अनवाणीच पुढं निघाली, आणि चौकात आमच्या खोलीकडे न वळता लेआउटच्या रस्त्याला लागली.