पेडलवरचा पाय

दिवा जरा पुढे ओढा, आणि मध्येच हसू नका. शेवटी हसायचंय, तेव्हा मीही हसेन.

सुट्टीचा दिवस होता. गॅरेजमध्ये मी एकटाच. दुपारचे तीन वाजलेले, पण धुकं असं दाटलेलं की समोरचा रस्ता दिसेना. तेवढ्यात ताई आप्पांची जुनी गाडी घेऊन आली. आली म्हणजे काय, रडतखडत पोचली. गिअर टाकताना असा काही कर्रर्र आवाज झाला की माझेच दात शिरशिरले.

"क्लच पार बसला रे! पाच वाजता दवाखान्यातून सोडतायत. बाळाला हिच्यातूनच आणायचंय."

ताई नुकतीच आजी झाली होती. आमच्या घरातलं प्रत्येक मूल याच गाडीतून घरी आलं. ताई, मी, ताईची लेक, सगळेच. आप्पा म्हणजे आमचे वडील, हे गॅरेजही त्यांचंच. गेल्या वर्षी गेले. जाण्याआधी बजावून गेले होते, "नातीचं बाळ माझ्याच गाडीतून आणा. नाहीतर मला चैन पडायचं नाही."

"टॅक्सी केली तर?" मी हळूच विचारलं. ताईने असं काही बघितलं की मी मुकाट्याने बाह्या सरसावल्या.

पेडल खाली गेलं की वर यायचं नाव घेत नव्हतं. ऑइलची डबी तळाला गेलेली. म्हणजे गळती नक्की, पण कुठे? मॅट उचलून पाहिलं, पेडलच्या मागे कोरडं ठणठणीत. म्हणजे पेडलजवळचा वरचा सिलिंडर निर्दोष. मग गाडीखालच्या खड्ड्यात उतरून गिअरबॉक्सजवळचा छोटा सिलिंडर चाचपला. त्याचं रबरी टोपण सोललं आणि ऑइल मनगटावरून थेट कोपरापर्यंत ओघळलं. सापडला चोर! आतलं सील फाटलं होतं. आप्पांच्या कपाटात नवीन मिळालं. कधी आणून ठेवलं होतं, त्यांनाच ठाऊक. ते बसवलं, सिलिंडर चढवला, डबी भरली. आता फक्त ऑइलमध्ये शिरलेली हवा काढायची राहिली होती.

हे काम दोघांचं. वरच्याने पेडल दाबून धरायचं, खालच्याने निपल, म्हणजे सिलिंडरवरचा हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करून हवा जाऊ द्यायची, परत आवळायचं, मग वरच्याने पाय उचलायचा. आप्पांचा दंडक होता, खालून 'सोडा' ऐकल्याशिवाय पाय हलवायचा नाही. एकदा मी सांगायचं विसरून चहाला गेलो, तर हा माणूस अर्धा तास पेडल दाबून बसलेला! वर मला शिव्या. आणि पेडल दाबलं की दुसऱ्या पायाने दोनदा ठोकायचे. ठक ठक. म्हणजे, दाबलंय.

ताईला सीटवर बसवलं, काम समजावलं आणि दिवा घेऊन खाली गेलो.

"दाब..."

ठक ठक.

ताईने आप्पांची सवय बरी उचलली, असं वाटून मला हसू आलं. निपल सैल केलं. त्याला लावलेल्या नळीतून बुडबुडे फसफसत खालच्या बाटलीत उतरले. आवळलं. "सोड."

खड्ड्यात ऑइलचा उग्र वास होता. त्यात हळूहळू लवंगेचा वास मिसळला... आप्पांच्या तोंडात कायम लवंग असायची. माझ्या मानेवर काटा आला, पण हात थांबले नाहीत. हवेबरोबर ऑइलही जातं, म्हणून मध्ये एकदा वर येऊन डबी भरायला हवी होती, तेही सुचलं नाही.

"दाब..."

ठक ठक.

या वेळी एकही बुडबुडा नाही. निपल आवळलं आणि आनंदाने ओरडलो, "झालं!"

वर आलो, तर सीट रिकामी. ताई धुक्यातून, फाटकाकडून फोन कानाला लावून येत होती.

"अरे, तू खाली उतरलास आणि लगेच दवाखान्यातून फोन आला. इथे ऐकूच येईना, म्हणून बाहेर गेले. काढायची ना हवा?"

मी आत वाकून पाहिलं. पेडल तळाला टेकलेलं.

"नाही ना झालं?" ताईचे डोळे भरले. "आप्पांची एवढी एक गोष्ट, तीही..."

मी डबी पाहिली. काठोकाठ भरलेली. आणि एकदम लक्षात आलं... मी 'झालं' म्हणालो होतो. 'सोड' म्हणालोच नव्हतो.

मी पुटपुटलो, "आप्पा... सोडा."

पेडल सावकाश वर आलं. अगदी वरपर्यंत.

ताईने माझा हात घट्ट धरला. मग दोघंही रडलो, आणि रडता रडता इतके हसलो की पोट दुखलं. गाडीत बसलो. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. पाचला पाच कमी असताना आम्ही दवाखान्याच्या दारात!

बाळ घरी आलं. मुलगी. सगळं घर नुसतं उधाणलेलं. ताईने तिला माझ्या मांडीवर दिलं. दुपट्यातून तिचे तळवे बाहेर आलेले, म्हणून मी खाली हात धरला.

उजव्या टाचेने तिने दोनदा ठोकलं. आणि डावा पाय माझ्या तळव्यावर दाबला. घट्ट. सोडेचना. डोळे मिटलेले, श्वास शांत, पण पाय ताठच्या ताठ... आणि दुपट्याला लवंगेचा वास.

"सोडा," मी म्हणालो.

पाय सैल पडला.

"मामाआजोबा बघा," ताईची लेक खिदळली, "एवढ्याशा पोरीला अहो-जाहो करतायत!"

सगळे हसले. मीही हसलो. ताई मात्र हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.