गरम पाणी वजा करायचं राहिलं

दार उघडलं तर उंबऱ्यात बर्फाने पांढराफटक झालेला एक तरुण उभा. टोपी हातात, आणि चेहरा असा की सगळी चूक जणू त्याचीच!

"तुम्हीच ब्रिटा हाल्व्होर्सन ना? मी अ‍ॅन्सन. जिल्ह्यातले लोक पाऊस-बर्फ मोजून कळवतात, ते आकडे मी तपासतो. हौसेने हं, पगार नाही." तो जरा घुटमळला. "काल एकट्या तुमच्याच अंगणात अख्ख्या जिल्ह्याचा बर्फ पडलाय."

"आमच्याकडे सगळंच जास्त असतं," ब्रिटा ठसक्यात म्हणाली.

"बर्फ वितळवायला मापाच्या नळीत गरम पाणी मोजून घातलंत?"

"घातलं."

"मग ते... वजा केलंत का?"

वजाबाकी ब्रिटाच्या ध्यानातच आली नव्हती. तिचे वडील, लार्स, वर्षानुवर्षं रोज सकाळी अंगणातलं हे माप घेत आले होते. पानगळीत ते गेले, आणि तिने हट्टाने ते काम अंगावर घेतलं. पहिल्याच बर्फात ही फजिती! हसू यायला हवं होतं, आलं रडू. दफनाच्या दिवशीही आलं नव्हतं ते.

खुंटीवरचा कोट काढून अ‍ॅन्सनने तिच्या खांद्यांवर टाकला.

"चला, पुन्हा मोजू. पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. तुमच्या बाबांनीच पकडलं मला."

त्या हिवाळ्यात तो वरचेवर येऊ लागला. कधी बर्फ मोजायची पाटी वाऱ्याने उडाली म्हणून, कधी उगीचच. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. दोघं नळीवर वाकली की त्याचा श्वास तिच्या गालाला लागे आणि आकडा दोनदा वाचावा लागे. एवढं होऊनही हा पठ्ठ्या चकार शब्द काढीना.

"काय ठेवलंय तिथे?" मिनियापोलिसहून तिची बहीण कारीन फोनवर विचारी. "घर विकू आणि तू इकडे ये." अखेर ब्रिटा हो म्हणाली. शनिवारी निघायचं ठरलं.

शुक्रवारी अ‍ॅन्सन आला. लख्ख ऊन, नळी कोरडी.

"उद्या चालले मी," ती म्हणाली.

"हो... ऐकलं." तो बुटांकडे बघत राहिला. "नीट जा."

ब्रिटाचा पारा चढला. "आज काहीच पडलं नाही. काय कळवू?"

"शून्य."

"आणि आकड्याची जागा मोकळीच सोडली तर?"

"तर... कुणी बघितलंच नाही, असं होतं. पडलं की नाही, कळतच नाही."

"मग तू का मोकळी सोडतोयस? मनात काही नसेल तर शून्य म्हण ना! मी सुखाने जाईन. पण सांग तरी!"

त्याने बुटांवरची नजर उचलून तिच्याकडे पाहिलं.

"शून्य नाही," तो म्हणाला. "त्या पहिल्या दिवसापासून नाही. पण तू दुःखात होतीस... लार्सच्या मुलीला अशा वेळी गाठलं, असं वाटलं असतं. ब्रिटा — जाऊ नकोस. माझं प्रेम आहे तुझ्यावर."

दार सताड उघडं टाकून ती तशीच आत धावली आणि तिने फोन उचलला.

"कारीन, मी उद्या येत नाही. घरही विकायचं नाही... हो, रडतेच आहे. नाही गं, बाबांसाठी नाही."