नंबरानेच हाक मारा
शनिवारी त्साय-युनने साडेदहालाच दुकानाचं शटर ओढलं. सोयाचं दूध अर्धं पातेलं शिल्लक होतं. रोजच्या एका गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलं, तशी ती म्हणाली, "पोराचा सामना आहे. उद्या दोन पेले जास्त प्या."

पोरगा दहा वर्षांचा असल्यापासून बेसबॉल खेळत होता आणि तिने त्याचा एकही सामना पाहिला नव्हता. पहाटे तीनला चूल पेटवणारी बाई दुपारी झोपणारच. पण आजची गोष्ट वेगळी होती. जिल्ह्याचा अंतिम सामना होता आणि ताइचुंग शहरातल्या मोठ्या संघाचा माणूस खास त्याला बघायला येणार होता. त्याने घेतलं तर पोराचं भलं झालं. नाही घेतलं, तर पुढच्या महिन्यापासून टायरच्या कारखान्यात रात्रपाळी. घरात दोघंच, मायलेक. त्यामुळे सुख काय नि दुःख काय, वाटून घ्यायला तिसरं कुणी नव्हतं.

घरी त्याला आ-रुई म्हणतात. तेवढं चालतं. पूर्ण नाव मी इथे लिहिणार नाही. मेलेली माणसं बाहेर फिरतात तो सातवा महिना सरायला अजून थोडे दिवस आहेत.

सकाळी निघताना त्याने तिला बजावलं होतं, "आलीस तर ये, पण ओरडू नकोस. आणि राहवलंच नाही, तर नंबराने हाक मार. सदतीस. लक्षात राहील?"

"मी काय वेडी आहे? तू पाळण्यात होतास तेव्हापासून हा महिना पाळतेय मी."

"इथे बसून सगळेच असं म्हणतात," आ-रुई म्हणाला आणि टोपी घालून गेला.

मैदानाच्या दाराशी नैवेद्याचं टेबल मांडलं होतं. बिस्किटांचे पुडे, शेवयांची पाकिटं, बिअरचे डबे आणि मधोमध एक कोरा करकरीत चेंडू. उदबत्त्यांचा धूर पलीकडच्या सॉसेजवाल्याच्या धुरात मिसळत होता. ऊन मी म्हणत होतं. वारा पडलेला.

आत बरीच गर्दी होती. तिला नवल वाटलं ते पहिल्या रांगेचं. अगदी जाळीला लागून, पोराचा चेहरा दिसेल अशी जागा, आणि एक माणूस नाही! नऊ खुर्च्या, सगळ्या मिटलेल्या. माणूस बसला की खाली येणाऱ्या आणि उठला की खट्कन वर जाणाऱ्या, तसल्या स्प्रिंगच्या खुर्च्या. ती पुढे सरकली, तेवढ्यात कुणीतरी तिचं कोपर धरलं.

"दुधवाल्या बाई, तिथे नको. ती भाऊमंडळींची रांग."

गावात सगळे त्यांना ढोलकाकाच म्हणत. सत्तरीचे, काटकुळे, प्रत्येक सामन्याला गळ्यात ढोल अडकवून हजर. आज मात्र त्यांच्या हातात ॲल्युमिनियमची किटली होती. रांगेपुढच्या कठड्यावर कागदी कप ठेवून ते थंड चहा ओतत होते. किटलीचं झाकण सैल होतं; ओतताना टकटक टकटक वाजायचं.

त्साय-युन मुकाट्याने दुसऱ्या रांगेत बसली. बायकांची नजर, तिने कप मोजलेच. "काका, खुर्च्या नऊ आणि कप आठ?"

"माणसं आठच आहेत." काकांनी शेजारच्या बिऱ्हाडाबद्दल बोलावं तसं सांगितलं. "पूर आला तेव्हा पूल गेला, त्यावर आमच्या संघाची गाडी होती. आठ जण गेले. मी तापाने घरी पडलो होतो. चेंडू टाकायचो मी. आता चेंडू टाकणाराच नसेल तर खेळणार कसे बिचारे? बसतात वाट बघत." मग ते हसले. "घाबरू नका हो. नाव घेतल्याशिवाय ते कुणाला ओळखत नाहीत आणि ओ दिल्याशिवाय कुणाला नेत नाहीत. म्हणून तर फलकावर नुसते आकडे आहेत. तुम्ही फक्त नंबरानेच हाक मारा."

सामना सुरू झाला. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आ-रुई हात मागे नेऊन चेंडू सोडायचा आणि फलंदाजाची बॅट हवेत फिरायची, ते कळत होतं. लोक "सदतीस! सदतीस!" ओरडायचे, काका ढोल बडवायचे, आणि चार रांगा वर बसलेला ताइचुंगचा माणूस वेग मोजायचं यंत्र डोळ्यांपुढे धरून वहीत काहीतरी लिहायचा. ती दर दोन मिनिटांनी वळून त्याचं तोंड बघत होती.

चौथ्या डावात एक चेंडू तिरपा उडून पहिल्या रांगेत पडला. घरंगळत निघाला आणि उतारावर मध्येच थांबला, जसा कुणी पायाखाली धरावा. कुणी उचलायला गेलं नाही. तिने पाहिलं, त्या चेंडूच्या वरची खुर्ची खाली आलेली होती.

स्प्रिंग गेली असेल, ती मनाशी म्हणाली.

सातव्या डावात तिने पुन्हा पाहिलं. आठ खुर्च्या खाली होत्या. टोकाची एकच तेवढी मिटलेली. त्या उन्हात तिच्या गुडघ्यांना समोरून गारवा लागत होता, आणि ओल्या गाळाचा वास येत होता... पुराचं पाणी ओसरल्यावर घरात राहतो तसा. तिने शेजारणीकडे पाहिलं. शेजारीण मजेत पेरू खात होती.

नववा डाव. आ-रुईचा संघ एका धावेने पुढे. दोन बाद, पण प्रतिस्पर्ध्यांचे गडी तिन्ही टप्प्यांवर उभे. एक चेंडू चुकला की सगळं संपलं. आ-रुईने कपाळ पुसलं आणि तिला दुरूनही दिसलं, पोराचा हात थरथरत होता. वर यंत्रवाल्याने यंत्र खाली ठेवलं आणि वही मिटली.

ती उठून उभी राहिली. सदतीस की सत्तावीस, छत्तीस की... आकडा डोक्यातून साफ पुसला गेला. ताप चढला की ज्या नावाने ती त्याला अंथरुणातून परत बोलवायची, तेच तोंडात आलं. आडनावासकट, पूर्ण नाव. छाती फुटेस्तोवर.

मैदान चिडीचूप झालं. शेजारणीच्या हातातला पेरू पडला.

मग समोरून, एकामागून एक: खट्. खट्. खट्. खट्.

आठही खुर्च्या वर गेल्या. ते उठून उभे राहिले होते.

ढोलकाकांनी टिपरू टाकलं आणि कठड्यापाशी धावत आले. त्यांचं नाव लिहायला हरकत नाही, त्यांनी ते स्वतःच दिलं. "थो मिंग-त्साय!" म्हातारा ओरडला. "थो मिंग-त्साय इथे आहे! चेंडू टाकणारा मी! त्याला सोडा रे... पोरगं आहे!"

बराच वेळ काही झालं नाही. मग खुर्च्या हळूहळू, न वाजता, खाली आल्या. आ-रुईने चेंडू टाकला. फलंदाजाची बॅट तिसऱ्यांदा हवेत फिरली, तोही बाद झाला. सामना संपला आणि सगळं मैदान ओरडायला लागलं. ती मात्र तोंडावर पदरासारखा हात धरून रडत होती.

संध्याकाळी आ-रुई तीन वाट्या भात जेवला. ताइचुंगच्या माणसाने सोमवारी बोलावलं होतं. त्साय-युन त्याच्याकडे बघत बसली, जणू आत्ताच त्याला कुठूनतरी घेऊन आली होती.

"आई, रागावत नाही मी," तो तोंडात घास धरून म्हणाला. "पण मारलीसच ना हाक?"

"चुकलंच रे माझं."

"आणि तुझ्या पुढची ती माणसं कोण गं? तू एकदा ओरडलीस, मग ते सगळे मिळून ओरडले. इतक्या प्रेमाने कुणी हाक मारली नव्हती मला. माझा हातच थरथरायचा थांबला."

तिच्या हातातल्या जेवायच्या काड्या थांबल्या. "तू... काय केलंस?"

"काय करणार? ओ दिली."

ती रात्रभर त्याच्या उशाशी बसली. उजाडलं तरी तो गाढ झोपलेला होता, श्वास नीट चालू होता. ऊन वर आल्यावर ती दाराला बाहेरून कुलूप लावून मैदानावर धावत गेली. वाटेत तिला वाटत होतं, काका गेले असतील; आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी, की तसं असावं असंही वाटत होतं.

काका धडधाकट होते. पहिल्या रांगेपाशी किटली घेऊन उभे होते.

"पोराने ओ दिली नाही ना?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"नाही," ती खोटं बोलली.

तिने रांगेकडे पाहिलं. नऊच्या नऊ खुर्च्या खाली होत्या. तिने टोकाच्या खुर्चीला दोन्ही हातांनी वर रेटून पाहिलं. हलेना. बाकीच्या आठ गार होत्या, ही ऊबदार होती.

तिने फोन काढला. चार वेळा वाजला, मग आ-रुईचा झोपाळलेला आवाज आला.

"हं, आई..."

"कुठे आहेस तू?"

"अंथरुणात. कुठे असणार?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी नववा कप कठड्यावर ठेवला आणि किटली वाकवली. झाकण वाजलं, टकटक टकटक.

फोनमध्येही वाजलं. अगदी त्याच्या तोंडाजवळ.

आणि आ-रुई कुणालातरी हळूच म्हणाला, "पुरे, पुरे..."