दिवा वळवला तेव्हा

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेलं आहे. गेल्याच वर्षी, भर दुपारी.

तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, मायक्रोवेव्ह ओव्हन दुरुस्त करायचे. पुढे दुकान, मागे घर. तांब्याच्या दोन पट्ट्या, एक डायोड आणि इवलासा लाल दिवा, एवढ्यावर त्यांनी अँटेना बनवली होती. बॅटरी नाही, काही नाही! ओव्हनच्या दारातून लहरी गळत असल्या की त्यांच्यावरच दिवा पेटायचा. गळतीच्या दिशेला धरला की लख्ख.

काका गोड बोलण्यात पटाईत. असाच एक दिवा मावशीला देऊन म्हणाले, "हा लागला की समजायचं, मी पलीकडे कामात आहे."

मावशीला त्याचं कोण कौतुक!

मग काका अचानक गेले. ओव्हन विकले. दुकानाचा मीटरही काढून नेला.

महिन्याभराने मावशी भांडी विसळत होती आणि...

दिवा लागला.

ती दुकानात धावली. रिकाम्या फळ्या. आवाज नाही.

"आलात का हो?" म्हणत ती रडली, हसलीसुद्धा. मग दिवा रोज दुपारी लागायला लागला. ती त्याच्यासमोर बसून गप्पा मारायची. तेवढ्यावरच बिचारी जगत होती.

एकदा तिला वाटलं, बघावं तरी, हे उभे कुठे असतात. तिने दिवा हातात धरून हळूहळू फिरवला.

दुकानाकडे... विझला.

त्यांच्या खुर्चीकडे... विझलेलाच.

खिडकीकडे वळवला आणि लख्ख!

मावशी अनवाणीच निघाली. दिवा मंदावला की वळायची, उजळला की चालायची. गल्लीच्या टोकाला धाकट्या बहिणीचं घर. दुपारी ती एकटीच असायची. दार नुसतं लोटलेलं.

आतून ओव्हनची घरघर ऐकू येत होती...

त्या घरात ओव्हन कधीच नव्हता.

मावशीने दार ढकललं. घरघर थांबली.

बहीण पलंगावर होती. उशाशी तस्साच लाल दिवा. आणि शेजारच्या उशीला... खळगा पडलेला.

"ताई... तुलाही दिला होता त्यांनी?"

"कधीपासून?" मावशीने एवढंच विचारलं.

बहिणीने मान खाली घातली. "अजून येतात गं ते. रोज."

मावशीने आपला दिवा तिथेच टाचेखाली चिरडला. नंतर मला म्हणाली, "मेल्यावर तरी माझ्याकडे यायचं होतं. माझ्या वाट्याला आलं ते तिच्याकडून गळलेलं."

मावशी पुन्हा त्या घराची पायरी चढली नाही. मला मात्र इलाज नाही. ती धाकटी बहीण माझी आई आहे.

हे लिहितोय तेव्हाही दुपारच आहे. आईच्या खोलीला आतून कडी आहे, आणि मघापासून घरघर चालू आहे...