नऊ टोप्या

शालननं बाराव्या टोपीला गोंडा लावला आणि ती वाळायला खिडकीत ठेवली. काळा कार्डशीट, वर चौकोनी झाकण, कोपऱ्याला पिवळ्या लोकरीचा गोंडा. उद्या खालच्या गल्लीच्या बालवाडीचं पदवीदान होतं. अजून आठ टोप्या व्हायच्या होत्या, फुगे फुगवायचे होते, झिरमिळ्या टांगायच्या होत्या. मागच्या भिंतीला गुलाबी रंग मारून तिच्यावर मोठं झाड काढायचं होतं. पानापानावर एकेका पोराचा फोटो.

दारात बसून हौसाक्का क्रेपचा कागद कापत होती. शालन बालवाडीची सेविका, ती मदतनीस. पंचावन्नची बाई, कात्री चालवताना जीभ दातात धरायची. दोघींनी बारा वर्षं एका चुलीवर खिचडी शिजवलेली, पण आज सकाळपासून दोघींत शब्द नव्हता.

पोरं घरी गेली होती. एकटी आर्वी तेवढी होती, शालनच्या भावाची पोरगी. भाऊ-वहिनी गोव्याला हॉटेलात कामाला, म्हणून ती आत्याकडं. पावणेसहा वर्षांची. तयार टोप्यांच्या शेजारी मांडी घालून बसली होती आणि नेहमीसारखी गप्प होती.

ह्या खोलीच्या भिंती मात्र ऐकणाऱ्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी कचेरीनं सगळ्या बालवाड्यांना एक रंग लावून दिला. कागदावर त्याचं नाव स्मरणरंग. गावात सगळे त्याला ऐकता रंग म्हणायचे. त्यात पिठाहून बारीक कण असतात. जवळ कुणी बोललं की आवाजाच्या थरथरीनं कण कूस बदलतात आणि तसेच राहतात. नवीन आवाज आला की जुना पुसत नाही, खाली दबतो. ते परत ऐकायचं तर भिंतीवरून एक यंत्र फिरवावं लागतं. दिसायला थेट इस्त्री, म्हणून गावानं नावही इस्त्रीच ठेवलं. भरकन फिरवली तर ताजं ऐकू येतं, सावकाश फिरवली तर जुनं.

इस्त्री असायची कचेरीतल्या मगदूम मॅडमकडं. वर्षातून एकदा त्या यायच्या, फळ्याशेजारच्या भिंतीसमोर एकेका पोराला उभं करायच्या आणि त्याच्या नावावर किती शब्द भरतात ते बघायच्या. शंभर वेगवेगळे शब्द भरले की पोर पहिलीत. नाही भरले तर कोल्हापूरच्या वसतिशाळेत, न बोलणाऱ्या पोरांच्या वर्गात. आईबापाला भेट महिन्यातून एकदा.

पदवीदानाच्या आठवड्यात मात्र इस्त्री सेविकेच्या हातात मिळायची. पोराच्या डोक्यावर टोपी ठेवायची आणि त्याच वेळी भिंतीतला त्याचा सगळ्यात जुना आवाज सगळ्यांना ऐकवायचा, असा कार्यक्रम ठरलेला. शालननं दहा आवाज शोधून खुणा करून ठेवल्या होत्या. शिवांश पहिल्या दिवशी "मला घरी न्या, मी पैसे देतो" म्हणून रडला होता, ते खिडकीखाली सापडलं. ते ऐकून ती एकटीच हसली होती.

दहाच आवाज, कारण अकरावी आर्वी.

पोरं खरंतर अकराच होती. पटावर वीस. वीसच्या खाली गेलं की बालवाडी बंद, आणि वरच्या गल्लीच्या बालवाडीचीही तीच रड. म्हणून तपासणीला त्यांची नऊ पोरं इकडं यायची, मग इकडची तिकडं जायची. कित्येक वर्षांची रीत. ऐकता रंग आला तेव्हा दोन्हीकडच्या सेविका घाबरल्या, पण त्यातूनही वाट निघाली. मोजणीच्या दिवशी उसनी पोरं भिंतीसमोर बडबडगीतं ओरडून जायची आणि शंभर शब्द भरायचे. पोर कुठल्या गल्लीचं ते भिंतीला काय कळतंय?

ह्या वर्षी शालननं आणखी एक पाऊल टाकलं होतं. आर्वीचं नाव पुकारलं तेव्हा वरच्या गल्लीची तिच्याच उंचीची एक पोरगी पुढं उभी केली. पोरगी भाजीपाल्यापासून घोड्यापर्यंत सगळं बोलली. मॅडमना दोनशे पोरांची तोंडं कुठली लक्षात राहायला? आर्वीच्या नावावर एकशे बारा शब्द.

आणि आज सकाळी मोबाइलवर पहिलीत जाणाऱ्यांची यादी आली. त्यात आर्वीचं नाव नव्हतं. खाली एक ओळ होती: *नोंदलेला आवाज सदर मुलीचा नसल्याचं समजलं. निर्णय समारंभाच्या दिवशी.*

बदली पोरगी उभी केल्याचं ह्या बालवाडीत दोघींनाच माहीत होतं, आणि वरच्या गल्लीवाल्या स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणार नव्हत्या.

शालननं मोबाइल हौसाक्काच्या तोंडासमोर धरला होता. "हे कुणी सांगितलं?"

हौसाक्कानं चष्मा वर केला, वाचलं, खाली केला. "मी सांगितलं."

"लाज न्हाई वाटली? माझ्या घरातली पोर हाय ती."

"वाटली तर. म्हणून तर सांगितलं."

"म्हंजे काय?"

"म्हंजे कपाटामागं जावा आन् ऐका. इस्त्री हाय की हातात."

शालनला पुढचं ऐकायचंच नव्हतं. बारा वर्षं जिच्या ताटातलं खाल्लं तिनंच घात केला. तिनं कार्डशीट असं कापलं की कात्री टेबलात रुतली. आणि बाकी कुणावर नाही तर टोप्यांवर राग काढत दुपारपर्यंत आली.

पण झाड काढायचं तर कपाट हलवावंच लागणार होतं.

"हात लावता का, का ते पण मॅडमना विचारून?" ती म्हणाली.

हौसाक्का उठली, कपाटाला पाठ लावून रेटा दिला आणि परत दारात जाऊन बसली. कपाटामागं हातभर मोकळी जागा होती. फरशीवर धूळ, आणि धुळीत एक लहान गोल स्वच्छ, जसं कुणी रोज तिथं बसत असावं. तिथं ओळीनं मांडलेले वाळके वाटाणे होते. सात.

शालननं इस्त्री उचलली. हौसाक्का आणि मॅडम कुठं बोलल्या असतील तर इथंच. हौसाक्का इथंच शेजारी भांडी घासते. पुरावा हातात आला म्हणजे तोंडावर फेकता येईल. तिनं इस्त्री भरकन फिरवली.

आधी भांड्यांचा आवाज. मग हौसाक्का.

"ते शब्द आर्वीचे न्हाईत, बाईसाहेब. दुसऱ्या पोरीचे हाईत. पर आर्वी मुकी न्हाई. बोलती ती. इथं कपाटामागं बसून बोलती. तुमची इस्त्री इथं फिरवा एकदा."

"मोजणी फळ्याशेजारीच होते, मावशी. तसा नियम आहे."

"मग नियम बाजूला ठेवा थोडा वेळ. पोरगी लांब जाईल."

"समारंभाला येते तेव्हा बघते. तोवर नाव यादीत ठेवता येणार नाही मला."

शालनची इस्त्री थांबली. हौसाक्कानं सगळं सांगितलं होतं, पण वरच्या गल्लीचं नाव काढलं नव्हतं. शालन बाहेर न बघताच म्हणाली, "बोलती म्हंजे?"



शालननं इस्त्री खाली आणली, धुळीतल्या त्या गोलाच्या उंचीला, आणि सावकाश फिरवली.

कुजबूज. इतकी बारीक की तिला इस्त्रीवर कान टेकावा लागला.

"आज खिचडीत वाटाणं हुतं. मी एक आणलाय. शिवांशचं नाक गळतंय, तो बाहीला पुसतोय. आत्याच्या ब्लाउजला मागं भोक पडलंय, तिला म्हाईत न्हाई. हौसाक्का झोपली की घोरती, खिचडी शिजती तसं."

शालनच्या तोंडून हसू फुटलं. दोन वर्षांत तिनं हा आवाज ऐकला नव्हता. घरीसुद्धा पोरगी मान हलवायची, बोट दाखवायची. डॉक्टरनं कान बघितले, घसा बघितला, सगळं ठीक म्हणाला. आईबाप लांब गेल्याचं दुःख असेल, असं शालननं धरून टाकलं होतं. भावालाही फोनवर तेच सांगितलं होतं. आणि इथं अख्ख्या भिंतीभर वाक्यंच्या वाक्यं. शंभर काय, हजार शब्द निघाले असते.

तिनं अजून सावकाश फिरवली.

"मी कुणाला सांगितलं न्हाई. तुलाच सांगतीय. तू भिंत हाईस. तू माणूस न्हाईस, म्हणून चालतंय."

म्हणून चालतंय. शालनला ते टोचलं. कुणी सांगितलं हिला, माणसांसमोर चालत नाही म्हणून? तिनं दात आवळले. ज्यानं कुणी सांगितलं असेल त्याला ती सोडणार नव्हती. तिनं मनगट अगदी ढिलं सोडलं आणि इस्त्री मुंगीच्या चालीनं सरकवली, सगळ्यात खालच्या थराला.

पावलांचा फरफटत आल्याचा आवाज. लहान मूल धापा टाकतंय. मग एक बाई, दाबलेल्या आवाजात, दातांतून:

"साहेबासमोर काय बोललीस? ही पोरं आमची न्हाईत म्हणून? कुणी विचारलं होतं तुला? आता तोंड बंद. बालवाडीत नि घरात, माणसांसमोर एक शब्द काढलास तर बघ, लांब पाठवून देईन. कुठं ते आईबापाला पण सांगणार न्हाई."

एक चापट. मग हुंदका, आणि तोही मध्येच गिळलेला.

शालनला आधी वाटलं, कोण ही बाई. मग आवाज ओळखीचा वाटला. मग कळलं, तो तिचाच होता.

तिला आठवेना. खरंच आठवेना. तपासणीचा दिवस, उसनी पोरं, जिल्ह्याचा साहेब, "साहेब, ही वरच्या गल्लीतली हाईत" म्हणणारी तीन-चार वर्षांची पोर, साहेब हसून पुढं गेलेला. एवढं अंधूक आठवत होतं. पुढचं नाही. तिच्यासाठी ती एका दुपारची चिडचिड होती. दिवसाला पाच पोरांवर ती अशी चिडत असेल. ह्या एका पोरीनं ते आज्ञा म्हणून धरलं आणि दोन वर्षं पाळलं. आणि आता ती खरंच लांब चालली होती, न बोलल्यामुळं.

"तुम्हाला म्हाईत होतं?" शालन म्हणाली.

हौसाक्का आता कपाटाशी उभी होती. "मी भांडी घासत हुते की त्या दिवशी."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणलासा, पोरं विसरत्यात." तिनं क्रेपच्या कातरणाचा चुरा हातातून झटकला. "तुम्ही विसरलासा, ताई."

शालननं इस्त्री फरशीवर ठेवली. राग अजून होता, पण तो धरायला माणूस सापडत नव्हतं.

गुलाबी रंगाचा डबा उघडून ठेवलेला होता. कचेरीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ऐकत्या रंगावर साधा रंग चढला की खालचे कण कायमचे गप्प होतात, म्हणून पोरांचे आवाज काढून झाल्याशिवाय भिंत रंगवू नका. एक हात मारला की ती बाई गेली. उद्या मॅडम इस्त्री फिरवतील आणि गुळगुळीत गुलाबी शांतता ऐकतील. पण त्याच हातासरशी वाटाणे जातील, शिवांशचं नाक जाईल, घोरणारी हौसाक्का जाईल. आर्वीच्या नावावर शून्य उरेल, आणि परवा सकाळची कोल्हापूरची गाडी.

आणि भिंत तशीच ठेवली, आणि मॅडमनी हात जरा सावकाश फिरवला, तर उसन्या पोरांचं बिंग बाहेर. नोकरी जाईल. बालवाडी जाईल. दोन्ही गल्ल्यांच्या.

तिनं ब्रश डब्यात बुडवला. का बुडवला ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. रंगाचा एक थेंब फरशीवर पडला, मग दुसरा. हौसाक्का बघत होती, पण तिनं हात धरला नाही.

"उरलेल्या भिंतीला मारते," शालन शेवटी म्हणाली. "एवढा तुकडा सोडून. झाडाला ढोली म्हणून दिसंल."

"मोठी ढोली हुईल."

"होऊ दे."

तिनं ब्रश डब्याच्या काठावर आडवा ठेवला आणि गुडघ्यांवर सरकत आर्वीपर्यंत गेली. पोरगी मघापासून टोप्या मांडत होती. कापलेली नुसती झाकणंसुद्धा तिनं ओळीत घेतली होती. शालननं तिचे दोन्ही हात धरले. हात गोंदानं चिकट होते, दोघींचेही.

"आर्वे, मी तुला बोलू नको म्हणले होते. आठवतंय?"

आर्वीनं मान हलवली. होय.

"ते माझं चुकलं. मी रागात होते. आता तू बोलायचं. माझ्यासमोर, मॅडमसमोर, कुणासमोर पण. तुला जे दिसंल ते बोलायचं. कोण लांब पाठवत न्हाई."

आर्वीनं आत्याकडं बघितलं, मग हौसाक्काकडं, मग कपाटामागच्या त्या भिंतीच्या तुकड्याकडं, जणू तिची परवानगी घ्यावी तसं. बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी शेळी ओरडत गेली.

मग पोरीनं हात सोडवून घेतले आणि टोप्यांकडं बोट केलं. तिनं दोन ओळी लावल्या होत्या. एका ओळीत अकरा, प्रत्येकीखाली वर्गातल्या एकेका पोराचा फोटो, शेवटच्या टोपीखाली तिचा स्वतःचा. दुसऱ्या ओळीत नऊ, खाली नुसती फरशी.

आवाज घोगरा निघाला, न वापरलेल्या कडीसारखा, पण शब्द स्पष्ट होते.

"आत्या, ह्या नऊ टोप्या कुणाच्या?"